ओनोरीनचं नाक

ओनोरीनच्या घरात पाऊल टाकलं की आधी लॅव्हेंडरचा वास भेटायचा आणि मग ओनोरीन, असं वेलॉर्गच्या वाडीतली माणसं म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लागून तिच्या लॅव्हेंडरच्या झुडपांची लांबच लांब रांग होती. धुतलेल्या चादरी ती दोरीवर घालायचीच नाही, त्या झुडपांवर पसरायची. उन्हात वाळता वाळता वास कापडात उतरायचा, आणि त्या चादरीत झोपलेला पाहुणा सकाळी उठायचं नाव घ्यायचा नाही. फुलं सुकली की छोट्या कापडी पिशव्या शिवून कपाटातल्या प्रत्येक घडीत एकेक सारायची. लांब दांड्यांची फुलं वेगळी काढून, दांड्या उलट्या दुमडून, फुलं आत कोंडून वरून फीत विणायची. लाद्या पुसायच्या त्या लॅव्हेंडर मुरवलेल्या व्हिनेगरनं. जर्दाळूच्या मुरंब्यात चार फुलं, बकरीच्या चीजवर चिमूटभर चुरा, आणि राहिलेल्या काड्या हिवाळ्यात शेगडी पेटवायला. आपल्या कपाटात विंचू शिरत नाही तो यामुळेच, असं ती छातीठोकपणे सांगायची.

आणि तिचं नाक! तरुणपणी लॅव्हेंडरचं तेल काढणाऱ्या खालच्या भट्टीत अर्क उतरला की तिला बोलावणं यायचं. चमचाभर तेल हुंगून ती सांगायची, हे अमक्याच्या शेतातलं, हे पावसात भिजलेलं, ह्यात भलतंच काहीतरी मिसळलंय. वाद झाला तर शेवटचा शब्द तिचा. तिचा नवरा तेओफील, जो आयुष्यभर सो गावापासून कार्पांत्रा शहरापर्यंतची बस चालवून आता निवृत्त झाला होता, तो थट्टेनं म्हणायचा, "मी कुठल्या थांब्यावर कुणाशी बोललो, हे माझ्या कोटाचा वास घेऊन सांगते ही."

तिची झुडपं आली होती तिच्या भावाच्या शेतातून. एल्झेआर तिच्याहून मोठा, बिनलग्नाचा, वाडीच्या वर चढावावरच्या वडिलांच्या घरात एकटा राहायचा. वडिलांनी कधीकाळी व्हाँतू डोंगराच्या उतारावरून रानटी लॅव्हेंडरचं बी गोळा करून आणलं होतं आणि त्यावर ते शेत उभं केलं होतं. खालच्या पठारावर सगळ्यांनी केव्हाच संकरित जात लावली. ती टपोरी, तेल भरपूर देणारी, पण वासात कापूर मारणारी. ओनोरीन तिला 'दवाखान्याचं फूल' म्हणायची. एल्झेआरनं मात्र बी बदललं नाही. लोक म्हणाले, म्हातारा खुळा आहे. तो म्हणाला, "असेन. पण माझ्या बहिणीच्या नाकाला चालतं तेच मी लावणार."

एका वर्षी फेब्रुवारीत ओनोरीनला फ्लू झाला. पंधरवडाभर ती अंथरुणाला खिळून होती. उठली तेव्हा अशक्तपणा होता, पण घर पुन्हा हातात घेतलं तिनं. फक्त जेवणात काही राम उरला नव्हता.

"ही कॉफी कुठून आणलीस?" तिनं एके सकाळी तेओफीलला विचारलं.

"नेहमीच्याच दुकानातून."

"मग त्याला सांग, माती विकायची तर माती म्हणून विक. काही वासच नाही हिला."

तेओफीलनं आपला कप नाकाशी नेला. त्याला वास आला, चांगला खमंग आला. पण लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि वासाच्या बाबतीत बायकोशी वाद घालायचा नसतो हे तो केव्हाच शिकला होता. "असेल बाई," तो म्हणाला आणि कॉफी पिऊन टाकली.

मग साबण वाईट निघाला. मग खरबुजं पाणचट निघाली. मग बाजारातली स्वयंपाकाच्या तुळशीची जुडी तिनं विकणाऱ्याच्या अंगावरच परत टाकली.

जुलैत झुडपं फुलली. ओनोरीननं विळा घेऊन पहिला झुबका कापला आणि सवयीनं चुरगाळून नाकाशी धरला. काही नाही. दुसरा धरला. तिसरा. शेवटी तोंड झुडपात खुपसलं. मधमाशा कानाशी घोंघावत होत्या, फुलांची मऊ टोकं गालांना लागत होती, आणि वास मात्र नव्हता. गवताचासुद्धा नव्हता.

ती कुणाशी बोलली नाही. निम्मी फुलं कापून सुकवली, पिशव्या शिवल्या. घडीत एक सारायची तिथे दोन सारल्या, मग तीन. उशांच्या अभ्र्यांत कोंबल्या, खुर्च्यांच्या गाद्यांखाली दडपल्या. व्हिनेगरच्या बाटलीत मूठभर घालायची तिथे बाटली गळ्यापर्यंत ठासली. रोज सकाळी कपाट उघडायची, डोकं आत घालायची आणि बंद करायची. तेओफील आजकाल दुपारभर अंगणात बसून असतो, रात्री खिडकी सताड उघडून झोपतो, हे तिला दिसत होतं. तिला वाटलं, उकाडा आहे.

त्याच सुमारास पठारावर पिवळ्या रोगाची बातमी पसरली होती. तुडतुडे एका झुडपावरून दुसऱ्यावर तो रोग नेतात आणि शेतंच्या शेतं वाळून जातात. रोगट झुडपं उपटून जाळायची, दुसरा इलाज नाही. ओनोरीननं आपल्या रांगेकडे नीट पाहिलं. उन्हाळा कोरडा गेला होता. टोकाची दोन-चार झुडपं करडी पडली होती. तिच्या मनात जे अडलं होतं ते एकदम सुटलं. वास गेला तो यामुळे! झुडूप पिवळं पडायच्या आधीच त्याचा जीव गेलेला असतो, आणि ते कळायला नाक लागतं.

तिनं कुदळ घेतली. तेओफील धावत आला.

"नोरीन, अगं काय करतेस? फुललीत ना ती!"

"आतून मेलीत. बाजूला हो."

"कुणाला तरी विचारू या का?"

"कुणाला? ह्या वाडीत माझ्याहून जास्त कुणाला कळतं, नाव सांग."

तो बाजूला झाला. संध्याकाळपर्यंत भिंतीकडची रांग उपटून झाली. नुसता खणलेला चर उरला.

दुसऱ्या दिवशी ती भावाच्या शेतावर गेली. एल्झेआर कापणीच्या तयारीत होता. वडिलांचं अख्खं शेत निळं होऊन वाऱ्यावर हलत होतं. ओनोरीन एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जात राहिली, चुरगाळत राहिली, हुंगत राहिली. एल्झेआर टोपी हातात घेऊन बांधावर उभा होता. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा पाहूनच त्याचा धीर सुटला.

"काय गं?"

"तुझ्याकडेही पोचलाय."

"रोग? अगं, नीट बघ. वरच्या कडेची थोडी वाळलीत, पण ती दरवर्षीच..."

"वास नाहीये, एल्झेआर. एकाही झाडाला नाही."

त्यानं एक दांडी तोडली, तळव्यावर चोळली, बराच वेळ नाकाशी धरली. "मला येतोय," तो हळूच म्हणाला.

"तुला आठवण येतेय, वास नाही. आणि तंबाखूनं जळलेलं नाक तुझं! बाबा गेले त्या वर्षी खालच्या भट्टीत भेसळ मी पकडली होती की तू?"

"तू."

"मग?"

तो बांधावर बसला. म्हणाला, "सगळंच काढावं लागेल?"

"थोडं ठेवलंस तर बाकीच्यांची शेतं जातील, आणि ते तुला बोल लावतील. बाबांच्या बियाला बोल लावतील."

त्यानं टोपी डोक्यावर घातली. त्या वर्षी त्यानं कापणी केली नाही. भट्टीवाल्यांना निरोप पाठवला, यंदा माल नाही. फुलं झाडावरच वाळून करडी झाली.

शरदात पाऊस पडून गेला आणि आग लावायला मोकळीक मिळाली. एल्झेआरनं भाड्यानं ट्रॅक्टर सांगितला. ओनोरीनच्या अंगणातल्या सुकलेल्या झुडपांचा ढीगही वर नेला. ओनोरीननं घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या पिशव्या एका चादरीत बांधून नेल्या आणि त्या ढिगावर ओतल्या. नवीन, जुन्या, सगळ्या. रोगाचं घरात काही ठेवायचं नाही. मग एल्झेआरनं काडी लावली.

धूर आधी पांढरा निघाला, मग दाट झाला आणि सगळ्या चढावावर लोळत खाली वाडीकडे उतरला. ट्रॅक्टर एकेक ओळ उपटत होता, माणसं लांब दांड्याच्या काट्यांनी झुडपं ओढून आगीत ढकलत होती. एवढ्यात मागाली आली. ती ओनोरीनची मुलगी. आव्हीन्याँ शहरात असते, मामाच्या शेताचं ऐकून मुद्दाम आली होती. गाडीतून उतरली ती नाकावर हात धरूनच.

"आई, अगं खालच्या वळणापासून वास येतोय!"

"कसला?"

"कसला काय! लॅव्हेंडरचा. काचा बंद होत्या तरी गाडीत शिरला. गावात माणसं दारात येऊन उभी आहेत. ती म्हणतायत, जन्मात असा वास आला नाही."

ओनोरीननं तेओफीलकडे पाहिलं. तो दगडी भिंतीला टेकून उभा होता आणि रुमालानं डोळे पुसत होता. धूर त्याच्यापर्यंत येत नव्हता.

ती आगीच्या दिशेनं चार पावलं पुढे गेली. धुरात शिरली. डोळे चुरचुरले, घशात खरखर झाली, खोकला आला. आणि तिला धुराचाही वास आला नाही.

ती तशीच उभी राहिली. लॅव्हेंडर राहू दे, पण जळत्या लाकडाचा वास नाही? राखेचा नाही? तिनं गळ्यातला लोकरी रुमाल ओढून नाकाशी धरला. लोकरीचा नाही, घामाचा नाही. आणि मग एकामागून एक सगळं समोर येऊन उभं राहिलं. कॉफी, साबण, खरबुजं, तुळस. फेब्रुवारीतलं ते अंथरूण.

ट्रॅक्टर शेताच्या टोकाला वळत होता. भिंतीलगतच्या तीन ओळी अजून उभ्या होत्या. वडिलांनी सगळ्यात आधी लावलेल्या त्या ओळी. तिनं हात वर केला. हाक मारायला तोंड उघडलं.

एल्झेआर तिच्याकडेच येत होता. चेहरा काजळीनं काळा, भुवया होरपळलेल्या. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बरं झालं नोरीन, तू वेळेवर सांगितलंस. मी एकटा असतो तर कळलंही नसतं मला. आख्खं पठार नासलं असतं माझ्यापायी."

तिचा वर गेलेला हात खाली आला. थांब, एवढं एकच म्हणायचं होतं. ते म्हणायला जेवढा वेळ लागला असता तेवढ्यात ट्रॅक्टरनं भिंतीलगतची पहिली ओळ धरली. मग दुसरी. ती बघत राहिली. तिसरी ओळ उपटली जाईपर्यंत ती बघत राहिली आणि बोलली नाही.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं तेओफीलसमोर टेबलावर त्याचा तंबाखूचा पाइप ठेवला.

"पेटव."

"घरात? तूच तर..."

"पेटव म्हणते ना."

त्यानं पेटवला. ती समोर बसून धुराकडे बघत राहिली. "काही येत नाही मला," ती म्हणाली. "फेब्रुवारीपासून."

तेओफीलनं पाइप खाली ठेवला. तो तिच्याकडे बघेना.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"तसं नाही... शंका होती. घरात श्वास घेता येत नव्हता, नोरीन. उशीत इतकं कोंबलं होतंस की डोकं दुखायचं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्या नाकाला मी काय सांगणार होतो?" तो म्हणाला. "आजवर कधी सांगू दिलंयस?"

मागालीनं तिला कार्पांत्राला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होता, बोलायला मऊ होता. तापानं वासाची नस मेली, म्हणाला. काहींचा वास काही महिन्यांत परत येतो, पण इतके दिवस लोटल्यावर आशा धरू नये. घरात गॅसच्या गळतीची सूचना देणारं यंत्र बसवा, दूध नासलंय का ते दुसऱ्याला बघायला सांगा. ओनोरीननं सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मागाली म्हणाली, "आई, मामाला सांगायला हवं."

"मी सांगेन."

नोव्हेंबर गेला. डिसेंबरमध्ये एका दुपारी ती एकटीच चढाव चढली. शेताच्या जागी उघडी माती होती, मधोमध काळा डाग. एल्झेआर चुलीजवळ मसुराचं सूप ढवळत बसला होता. तिनं कोट काढला नाही. दारातच उभी राहून सगळं सांगितलं. फ्लूचं, कॉफीचं, डॉक्टरांचं. भिंतीलगतच्या तीन ओळींचंही सांगितलं.

तो ढवळत राहिला. सूप भांड्याच्या बुडाला लागून चरचरलं तरी ढवळत राहिला.

"म्हणजे त्यांना वास होता," तो शेवटी म्हणाला.

"होता."

"मला येत होता, नोरीन. बांधावर बसून मी रोज हुंगायचो आणि स्वतःला म्हणायचो, म्हाताऱ्या, तू भ्रमिष्ट झालास." त्यानं पळी खाली ठेवली. "पिशव्या? त्यात बी असेल. थोडं तरी असेल."

"जाळल्या. सगळ्या त्याच दिवशी."

"मागालीकडे पाठवायचीस ना दरवर्षी?"

ओनोरीन घरी जाऊन मुलीला फोन लावेपर्यंतही थांबली नाही, एल्झेआरच्या घरातूनच लावला. मागालीनं पलीकडे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, रागावू नकोस. मला त्या वासानं डोकं दुखतं. लहानपणापासून. मी त्या कधी कपाटात ठेवल्याच नाहीत गं. कुणाला तरी देऊन टाकायची, नाहीतर..."

ओनोरीननं फोन ठेवला. एल्झेआर तिच्याकडे बघत होता, तिनं नकारार्थी मान हलवली.

"जा आता," तो म्हणाला. रागानं नाही. "अंधार पडेल."

त्यानंतर तो रविवारच्या जेवणाला यायचा थांबला. तेओफील दोनदा बोलवायला गेला. एल्झेआरनं त्याला दारात वाइन पाजली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि आला नाही. मागालीनं आईसाठी बाजारातून सुबक पिशव्या आणल्या, जांभळ्या फितीच्या. ओनोरीननं त्या कपाटात ठेवल्या आणि तेओफीलला विचारलं, "कसा आहे वास?"

"छान आहे," तो म्हणाला.

"कापूर मारतो?"

त्यानं पिशवी पुन्हा हुंगली. "थोडा," तो म्हणाला.

चादरी ती आता दोरीवर वाळत घालत होती. घडी घालताना हात आपोआप नाकाकडे जायचा आणि अर्ध्या वाटेत थांबायचा.

पुढल्या जूनच्या शेवटी एल्झेआर आपणहून दारात आला. पायात बूट, हातात काठी, पाठीवर पिशवी. "चल," तो म्हणाला. "बाबांनी बी जिथून आणलं तिथे जाऊ. रानात असेलच कुठेतरी. तुला ती जागा आठवते का? मी लहान होतो तेव्हा एकदाच गेलो होतो, पण तू बाबांबरोबर दरवर्षी जायचीस."

ओनोरीननं चपला काढून बूट घातले. तेओफीलनं जुन्या गाडीतून दोघांना डोंगराच्या कुशीपर्यंत सोडलं आणि तो खाली थांबला.

ते चढत राहिले. एल्झेआर दर वळणाला काठीवर रेलून उभा राहायचा आणि विचारायचा, "इथे का?" ती म्हणायची, "अजून वर. मोठा खडक लागेल, डावीकडे मेंढरांचा पाणवठा, आणि मग उघडा उतार."

खडक लागला. पाणवठाही लागला, कोरडा. त्याच्या पलीकडे उतार नव्हता, पाइनचं रान होतं. सरकारनं कधीकाळी लावलेले पाइन आता आभाळाला टेकले होते. खाली सुयांचा जाड थर, आणि त्याखाली गवताची काडीसुद्धा नाही. ते आत शिरले, एका बाजूनं गेले, दुसऱ्या बाजूनं आले. जिथे ऊन पडत होतं तिथे एल्झेआर गुडघे टेकून माती चाचपायचा. एकदा तो ओरडला, "नोरीन!" ती धावली. करड्या पानांचं एक लहानसं झुडूप होतं, फुलं अजून यायची होती. तिनं सवयीनं पान चुरगाळलं, नाकाशी नेलं आणि मग हात त्याच्यापुढे धरला.

"तू बघ," ती म्हणाली.

त्यानं वाकून हुंगलं. डोळे मिटून पुन्हा हुंगलं. "थाइम आहे, कालवणात घालायचा," तो म्हणाला.

दुपार झाली तेव्हा ते कोरड्या पाणवठ्याच्या काठावर बसले. ओनोरीननं पाव कापला, चीज कापलं, त्याच्या हातात दिलं. दोघं चावत राहिले.

"इथे कसला वास आहे?" तिनं विचारलं.

"डिंकाचा. उन्हात तापलेल्या डिंकाचा. आणि तुझ्या चीजचा."

"आणि तो कसा होता? बाबांचा?"

एल्झेआरनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याच्या भुवया जुळल्या. तो रानाकडे बघत राहिला, हातातला पाव मांडीवर तसाच राहिला. "थांब," तो म्हणाला. "सांगतो." वारा पाइनमधून गेला आणि थांबला. तो विचार करत होता, हे तिला दिसत होतं. मग त्याचा चेहरा हळूहळू सैल पडला.

"मधासारखा... नाही. मध नाही." त्यानं मान हलवली. "गेला गं. माझ्याही डोक्यातून गेला. मला वाटलं होतं राहील."

तिनं त्याला पाणी दिलं. त्यानं घोटभर घेतलं आणि टोपी डोक्यावर ओढली. उन्हं कलायच्या आत उतरायला हवं होतं, गुडघे दोघांचेही दुखत होते. खाली तेओफील गाडीचं दार उघडून उभा होता. त्यानं दोघांच्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं आणि चालकाच्या जागेवर जाऊन बसला.

वाडीच्या फाट्यावर एल्झेआर उतरला.

"जेवायला ये ना," ओनोरीन म्हणाली. "सशाचं कालवण आहे."

"आज नको," तो म्हणाला. "थकलोय." आणि चढावाला लागला. ती गाडीतून त्याच्याकडे बघत राहिली. तो मध्ये दोनदा थांबला, पण मागे वळला नाही. मग तेओफीलनं गाडी सुरू केली.